किळस मारणारा फवारा

मला घाण सहन होत नाही. नर्सने हे बोलून दाखवायचं नसतं, पण मी बोलते. पू दिसला की माझ्या पोटात ढवळतं. ओकारीची बादली उचलताना मी श्वास रोखून धरते. जिन्याच्या कोपऱ्यात पान खाऊन थुंकलेलं दिसलं की वाटतं, ज्याने थुंकलं त्याच्याच सदऱ्याने ते पुसून घ्यावं. लोक म्हणतात, "सिस्टर, तुम्हाला आता सवय झाली असेल, काही वाटत नसेल." डोंबल! सगळं वाटतं. मास्कच्या आत नाक मुरडायचं आणि हात चालवायचे, एवढंच मला जमतं.

मी मार्था उमाप. फिरती नर्स आहे. म्हणजे माझा असा एक दवाखाना नाही. एजन्सीकडे नाव लावलेलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात कुठे जायचं ते शनिवारी फोनवर कळतं. कधी राहुरी, कधी नेवासा, कधी पार कोपरगाव. 'आपुलकी' नावाची दवाखान्यांची साखळी आहे, त्यांच्यात कुणी सुट्टीवर गेलं की आम्हाला धाडतात. दवाखाने आता फार हुशार झालेत. औषधं ड्रोनने छपरावर उतरतात, नाडी आणि रक्तदाब मनगटावरची पट्टी मोजते, केसपेपर नुसतं बोललं की लिहिला जातो. पण पेशंटखालचं भांडं काढायला अजून मार्थाच लागते. त्या कामाला यंत्र बनवावं असं कुठल्याही शहाण्याला अजून सुचलेलं नाही.

नव्या दवाखान्यात गेलं की बाकीच्या नर्सेस आधी बसायची जागा शोधतात, मी नळ शोधते. माझ्या पर्समध्ये प्लॅस्टिकच्या डबीत माझा स्वतःचा लाल साबण असतो. दवाखान्यातल्या बाटलीत निम्मं पाणी घातलेलं असतं, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. एका पेशंटला हात लावला की नळ, दुसऱ्याला लावला की पुन्हा नळ. वैजयंता म्हणून माझ्याबरोबरची एक फिरती नर्स आहे, ती मला 'नळावरची बाई' म्हणते. म्हणू दे.

घरी आलं की दुसरी ड्युटी. माझ्या सासूबाईंचं, सगुणाबाईंचं, आतड्याचं ऑपरेशन झालेलं. पोटावर एक वाट काढून ठेवलेली, तिच्यावर पिशवी लावायची आणि शी त्या पिशवीत यायची. भरली की बदलायची. शिवाय पडून पडून कमरेखाली जखम झालेली, तिचं ड्रेसिंग. सगळं मी करायचे आणि चोख करायचे. पण घरात कोण मास्क लावून बसतं? मी पिशवी सोडवायला लागले की आई पिशवीकडे बघायच्या नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"बघ, केलं नाक वाकडं."

"वास येतो आई. मी तरी काय करू?"

"तू काय करनार? माझं मेलीचं पोटच घाण."

आणि मग त्या जेवायच्याच नाहीत. पोटात काही गेलंच नाही तर पिशवी भरणार नाही, आणि पिशवी भरली नाही तर सुनेचं ते तोंड बघावं लागणार नाही. ताट तसंच परत यायचं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. माझे मिस्टर, योहान, एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. ते एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, जरा हसऱ्या तोंडानं कर ना. ती उपाशी मरंल अशानं."

"मग तुम्ही करा," मी म्हणाले. त्यावर ते चप्पल घालून बाहेर गेले.

अशात 'सहजा' आलं.

आपुलकीच्या दवाखान्यातून बाहेर पडताना पेशंट एका पडद्यावर चेहऱ्याचं चित्र दाबतो, हसरं नाहीतर रडकं. रडके फार यायला लागले होते, आणि तक्रार बहुतेक एकच: सिस्टर तोंड वाकडं करतात, सिस्टर लांबून हात लावतात. आमचा कोऑर्डिनेटर बोऱ्हाडे, कडक इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, त्याने सगळ्या फिरत्या नर्सेसना नगरला एका हॉलमध्ये जमवलं. कंपनीच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, कळेल असं बोलत होत्या.

"किळस नाकात नसते," त्या म्हणाल्या. "नाक फक्त वर्दी देतं. मेंदूत, कानाच्या वरच्या बाजूला, कापडाला पडते तशी एक घडी आत दडलेली असते. तिथे ठरतं की हे घाण आहे, लांब हो. मग पोट ढवळतं, नाक मुरडतं, अंग मागे सरतं. माणसाला जंतू माहीत नव्हते तेव्हाही तो सडक्या मांसापासून लांब राहायचा, तो हिच्यामुळे. आता तुम्हाला जंतू माहीत आहेत, हात कधी धुवायचे ते माहीत आहे. मग तुम्हाला हिचा उपयोग काय? नुसता त्रास."

सहजा म्हणजे नाकात मारायचा फवारा. वास ओळखणाऱ्या नसांच्या वाटेने औषध त्या घडीपर्यंत जातं आणि तिला काही तास निजवतं. वास येतोच. दिसतं सगळं, कळतंही सगळं. फक्त नकोसं वाटत नाही.

मी हात वर केला. "बाई, त्या घडीचं दुसरं काही काम नसतं ना?"

"कुणी लबाडी केली, नीचपणा केला, की आपल्याला शिसारी येते. त्या शिसारीतही या घडीचा थोडा हात असावा, असं काही जण मानतात. पण त्यावर वाद आहेत."

बोऱ्हाडेने घड्याळ बघितलं. मग आमची एक परीक्षा घेतली, हात कधी आणि कसे धुवायचे याची. सगळ्या पास झाल्या. आम्हाला ते झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

पहिला फवारा मी राहुरीच्या दवाखान्यात मारला. साखरेच्या आजाराने पाय चिघळलेला एक म्हातारा समोर होता. एरवी पट्टी सोडायच्या आधी मी खिडकीकडे तोंड करून श्वास भरून घेतला असता. त्या दिवशी सरळ वाकून बघितलं. पिवळं, हिरवं, मधे काळं. चिरलेल्या भोपळ्याकडे बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं, आणि बघता बघता म्हाताऱ्याला त्याच्या नातीच्या लग्नाचं विचारत बसले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोरी," तो म्हणाला, "माझ्या पायाजवळ बसून बोलनारं मानूस लई दिवसांनी भेटलं बघ." मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, मला तो फवारा आवडला.

फवारा ड्युटीपुरता होता. घरी मारायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझंच डोकं. संध्याकाळी दाराशी उभं राहून मी आणखी एकदा नाकात मारला आणि आत गेले.

पिशवी बदलली. आई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"आज वास नाही का येत?"

"येतो की."

"मग?"

"मग काय आई? वासच आहे. वाघ आहे का?"

त्या हसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून माझ्या कुठल्याही बोलण्यावर त्या हसल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी खाल्ली, वर आमटी मागून घेतली.

मग आमचं गूळपीठच जमलं. मी त्यांच्या खाटेवर बसून जेवायला लागले. वेणी घालून द्यायचे. त्या मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी बोऱ्हाडेची नक्कल करून दाखवायचे. त्यांच्या गालांवर मांस दिसायला लागलं. योहान तर असे खूश की रविवारी चर्चमधून येताना न सांगता मटण घेऊन यायला लागले. पाळकसाहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी मान खाली घालून ती घेतली!

तिकडे आपुलकीच्या दवाखान्यांत जखमा चिघळायला लागल्या होत्या. साधे टाके, साधी गळवं, भरून यायचं नावच घेईनात. बोऱ्हाडेने आम्हाला बोलावलं.

"पेशंटना सांगायचं, तुम्ही घरी स्वच्छता ठेवली नाही म्हणून झालं," तो म्हणाला. "सगळ्यांनी एकच बोलायचं. आणि त्या एकदा वापरून टाकायच्या नळ्या असतात ना, त्या धुऊन परत घ्या. माल उशिरा येतोय."

"बरं सर," आम्ही म्हणालो.

हे चुकीचं आहे, हे मला कळत होतं. पाढा यावा तसं कळत होतं. पण आत काही हललं नाही. एरवी मी त्या मेल्याला उभा सोलला असता. त्या दिवशी मी मीटिंगला मागवलेल्या समोशांतला दुसरा समोसा मागून घेतला. आज ते आठवलं की त्या म्हाताऱ्याच्या पायापेक्षा त्या समोशाची मला जास्त शिसारी येते.

पुढच्या रविवारी दुपारी मी आईंची पिशवी रिकामी केली, फडक्याने पुसलं, आणि स्वयंपाकघरात येऊन परातीत पीठ घेतलं. पाणी ओतलं, मळायला लागले. योहान दारात उभे होते.

"मार्था."

"काय हो?"

"तुझे हात..."

"काय झालं हातांना?"

ते बोट दाखवत होते. माझ्या नखांत होतं. बोटांच्या बेचक्यात होतं. पिठाच्या गोळ्यालाही एका बाजूने पिवळट लागलं होतं. मला दिसलं. ते काय आहे तेही कळलं. "हो की," मी म्हणाले, आणि मळत राहिले.

योहान म्हणजे ग्रीसने बरबटलेल्या हातांनी डबा खाणारा माणूस. तो मागच्या दाराने पळाला आणि मोरीवर भडाभडा ओकला.

मी ते पीठ फेकून दिलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. मला त्यात एवढं काय आहे ते समजत नव्हतं.

त्याच आठवड्यात आईंना थंडी वाजून ताप भरला. अंग असं उडायला लागलं की खाट वाजत होती. आम्ही त्यांना नगरच्या मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. कमरेखालच्या जखमेतून विष रक्तात गेलं होतं. तिथले तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन बाहेर आले.

"हा जंतू साध्या औषधांना दाद देत नाही," ते म्हणाले. "घरात तो सहसा होत नाही, दवाखान्यातून येतो. राहुरीकडचे बरेच पेशंट हाच घेऊन आलेत. तुमच्या घरात कुणी दवाखान्यात काम करतं का?"

योहाननी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

गडबडीत फवारा घरीच राहिला होता आणि सकाळचा उतरत आला होता. बाकावर बसून मी रुमाल शोधायला पर्समध्ये हात घातला, तर साबणाची डबी हाताला लागली. उघडली. आत नवा कोरा साबण. वरची अक्षरं तशीच उठून दिसत होती, एक कोपरासुद्धा झिजला नव्हता. वाळून त्याला चिरा पडल्या होत्या. तो साबण मी सहजाच्या आधी आणला होता. माझ्याकडे एक वडी धड महिनाभर पुरत नाही.

मी त्याच्याकडे बघत बसले आणि एकदम सगळं उलगडलं. हात कधी धुवायचे हे आम्हाला पाठ होतं, हो. पण नळाकडे मला पाठांतर नेत नव्हतं. किळस नेत होती. बोटांना काही लागलं की ती बोटं नकोशी वाटायची, म्हणून पाय आपोआप नळाकडे जायचे. किळस गेली आणि पायांना तिकडे जायचं कारणच उरलं नाही. दवाखान्याच्या दारावरचं जंतुनाशकाचं यंत्र हात पुढे केला तर थेंब टाकतं, हात पुढे कर म्हणून सांगत नाही. हातमोजे होते, पण तेच मोजे घालून मी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले होते, त्याच मोज्यांनी फोन घेतला होता. त्याच हातांनी आईंची वेणी घातली होती. वेणी घालून भाकरीचा घास भरवला होता.

मग ती किळस आली. इतक्या दिवसांची तुंबलेली, सगळी एकदम. बेसिनपर्यंत पोचले तेवढं नशीब. आतडी बाहेर येतात की काय असं वाटेपर्यंत ओकले, आणि मग हात धुतले. साल निघायची बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी राहुरीला गेले. वैजयंता ड्युटीवर होती. सहजा आल्यापासून, नाकात फवारा नसताना मी तो दवाखाना पहिल्यांदाच बघत होते. चिमट्यावर माशी बसलेली. कालच्या पट्ट्या खाटेखाली पडलेल्या. पुवाने माखलेल्या मोज्याने वैजयंता एका बाईच्या गालावरून हात फिरवत होती आणि बाई देवाकडे बघावं तशी तिच्याकडे बघत होती. सगळीकडे हसरे चेहरे. मला तिथे उभं राहवेना.

"वैजयंता, तुझा साबण कुठाय?"

"असेल की कुठेतरी," ती हसत म्हणाली, मोजा काढला आणि त्याच हाताने चिवड्याचा डबा पुढे केला. "घे गं, घरचा आहे."

बोऱ्हाडे तिथेच होता. मी त्याला गाठलं. साबणाचं सांगितलं, आईंचं सांगितलं. त्याने मला पडदा दाखवला.

"सिस्टर, रेटिंग बघा. एक रडका चेहरा नाही. कंपनी खूश आहे. सहजाशिवाय आता ड्युटी मिळणार नाही."

"तुम्ही घेता का हो?"

"मला काय गरज? मी कुठे पेशंटला हात लावतो?"

आणि तो वळला आणि दार कोपराने ढकलून बाहेर गेला. कोपराने! दाराच्या मुठीची धूळ बोटांना लागू नये म्हणून. त्याची किळस शाबूत होती, आणि ती शाबूत राहावी म्हणून आमची मारली होती. मी त्याच्यामागे जाऊन, साऱ्या पेशंटांसमोर, तोंडाला येईल ते बोलले. नळ्यांचं बोलले, 'घरी स्वच्छता ठेवली नाही' म्हणून सांगायला लावलेल्या खोट्याचं बोलले. लोक ऐकत होते. काही उठून स्वतःच्या पट्ट्या हुंगायला लागले. माझं नाव एजन्सीतून त्याच दिवशी गेलं. गेलं तर गेलं, थू त्या नोकरीवर.

आई वाचल्या. कशाबशा, पण वाचल्या. घरी आल्या त्या पुन्हा काड्या होऊन.

आणि आता माझ्या नाकात फवारा नव्हता. पहिल्याच दिवशी पिशवी सोडवायला हात घातला आणि नाक मुरडलंच. मी दातावर दात आवळले, दुसरीकडे बघितलं, काही उपयोग झाला नाही. आईंनी बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी ताट परत आलं. दुसऱ्या दिवशीही आलं.

"आई, खा हो," मी म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलंय. अंगात काही राहिलं नाही."

"तो फवारा मार."

"नाही मारणार. त्यानेच तुम्ही मरायला टेकला होता."

"मरू दे. मेले तरी चालंल मला. पर ते तोंड नको दाखवू."

"माझ्या तोंडात असं काय आहे आई?"

त्यांनी गोधडी गळ्यापर्यंत ओढली. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "ल्हानपणी गावात तहान लागली की बाया लांबून पानी वाढायच्या. वरून धार. आमची वंजळ खाली. आन् अश्शीच नाकं करायच्या सगळ्या. म्हनलं, आपलं घर झालं, आपलं चर्च झालं, आता ते तोंड बघायला लागनार नाही. तर सून आली, ती बी तेच तोंड घेऊन."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं. त्या बायांना घाण नव्हती तिथे घाण दिसत होती. मला असते तिथे दिसते. फार मोठा फरक आहे हा, पण खाटेवर पडलेल्या माणसाला वर बघितलं की तोंड एकच दिसतं. त्यांना काय सांगू? की बाई, हे माझं वाकडं नाकच तुम्हाला जिवंत ठेवतंय?

तसंच सांगितलं. दुसरं काही सुचलंच नाही. पिठाचं सांगितलं, साबणाचं सांगितलं, त्यांना आलेला ताप माझ्या हातांनी आणला हेही सांगितलं. "त्या बाया तुमच्यापासून लांब पळायच्या आई," मी म्हणाले. "मी नाक मुरडते आणि इथेच बसते. मला हसरं तोंड घेऊन तुम्हाला मारायचं नाहीये." बोलता बोलता मी रडायला लागले, आणि रडतानाही पिशवीचा वास येतच होता.

पिशवी काठोकाठ भरली होती, एका कडेने सुटायला आली होती.

"मार्था."

"काय आई?"

"माझ्या डोळ्यांवर पदर टाक."

मी त्यांचा पदर उचलून डोळ्यांवर टाकला. त्यांनी तो हाताने चाचपून नीट केला, नाकापर्यंत ओढला.

"आता कर तोंड कसं करायचं तसं," त्या पदराखालून म्हणाल्या. "मला दिसत नाही."

मी केलं. जन्मात मुरडलं नसेल एवढं नाक मुरडलं. पिशवी सोडवायला हात पुढे केला.

"थांब. हात धुतले का?"

"धुतले आई."

"मला काय ठावं? मी आंधळी. बादली हितं आन आन् मला ऐकू येईल असे धू. मग ती काढ. मग परत धू. आन् मग भाकरी आन."

मी बादली आणि तांब्या खाटेपाशी आणला. डबीतून साबण काढला आणि पाण्याचा आवाज करत, बोट न बोट चोळत, हात धुवायला लागले.